अठ्ठावीस म्हणजे प्रकाशाचा वेग

२ मार्च
शिकवणीच्या पोरींकडून आज आकडे घोकून घेतले, पाढ्यांसारखे. सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये स्थिरांक आधीच भरलेले असतात. कॉन्स्टचं बटण दाबून सहा दिले की प्लांकचा स्थिरांक, अठ्ठावीस दिले की प्रकाशाचा वेग. कॅल्क्युलेटर पिशवीत ठेवायला लावले — आधी तोंडपाठ.
दिशा म्हणाली, "पाठ कशाला, टीचर? यादी झाकणावर आहे की."
"उगाच फाटे फोडू नकोस."
ती मान खाली घालून आकडे म्हणू लागली. पहिल्या दिवशी मीच फळ्यावर लिहिलं होतं, 'विचारायला भिऊ नका.' पण परीक्षा तोंडावर आहे.
घरातली पहिली पदवीधर मी. या सहाजणींनाही बी.एस्सी. करूनच सोडणार. रोवेनाची तर फिजिक्सची केटी आहे, मागे नापास झालेला पेपर पुन्हा द्यायचाय. या खेपेला सुटली नाही तर कॉलेज बंद, निर्मळ गावातल्या बागेत फुलं खुडायची, असं बाप म्हणतो.

९ एप्रिल
आज पोरींचा फिजिक्सचा पेपर झाला.
संध्याकाळी बोळिंजच्या दुकानात पोरींकडे आहे तसला कॅल्क्युलेटर दिसला. माझा आहे त्या कंपनीचा नाही. स्वस्तातला घ्या, असं मीच म्हटलं होतं. सहज अठ्ठावीस दाबून पाहिले. प्रोटॉनचं वस्तुमान आलं.
पुन्हा दाबले. तेच.
सहाजणींना मी चुकीचे आकडे पाठ करायला लावले.

१० एप्रिल
रोवेनाचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.

१३ एप्रिल
बाजारात रोवेनाचे वडील दिसले. मी वळले, पण त्यांनी हाक मारलीच. केळ्यांची फणी हातात दिली. "आमची पोर तुमच्यामुळं उभी आहे, टीचर."
घरी आई म्हणाली, "तोंड का पडलंय? कुणाचं काय केलंस?"
फणी ओट्यावर तशीच आहे. काळी पडायला लागली.

१६ एप्रिल
निर्मळला गेले. रोवेनाला सगळं सांगून टाकलं. ती हसली.
"आम्हाला मार्चमध्येच कळलं होतं, टीचर. दिशाने त्याच दिवशी घरी दाबून बघितलं. मग आमच्या झाकणावरचे पाठ केले. तुमच्यासमोर तुमचे म्हणायचो, घरी आमचे. पेपर मस्त गेला."
"मग मला सांगितलं का नाही?"
तिने चाफ्याची टोपली जवळ ओढली.
"दिशाला बोललात ना तुम्ही. मग कोण सांगणार?"