तिसावा दिवस भरून देण्याबाबत

प्रति,
मा. पदक वितरण अधिकारी,
सैन्य सन्मान कार्यालय.

विषय : नदीनाका स्मृतिपदकासाठी मयत मुलाचा कमी पडलेला एक दिवस बापाने भरून देण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र.

महोदय,

अर्जदार एकतीस वर्षे टाकसाळीत पदकांचे साचे कोरीत आहे. सदर पदकाचा जन्म, त्यावरील मुखवट्याची हकीकत आणि अर्जदाराची एकमेव विनंती येथे यथाक्रम निवेदन करण्यात येत आहे.

१. नाक्याची लढाई चालू असतानाच पदक ठरले. दर्शनी बाजूस पाण्याकडे पाहणारा साधा शिपाई, पाठीमागे ‘तीस दिवस’ ही अक्षरे, आणि नाक्यावर तीस दिवस हजेरी भरेल त्यासच पदक, असा पदक समितीचा हुकूम. साधा शिपाई अर्जदाराच्या घरचाच नाक्यावर होता. अर्जदाराने पत्र धाडून मुलास, साच्यासाठी चेहरा उतरवून घेण्यास, एका दिवसाच्या रजेवर बोलावले. खिडकीपाशी स्टुलावर बसून तो म्हणाला, “बाबा, नाक जरा आवरा, नाहीतर शत्रू नाकावरच नेम धरेल.” आई म्हणाली, “गप बस रे, हललास तर भुवई बिघडेल.” संध्याकाळी तो परत गेला.

२. मुखवटा समितीस पसंत पडला. नाक्यावर रुजू झाल्यापासून तिसाव्या दिवशी मुलगा गोळी लागून मयत झाला. रजा वजा जाता हजेरी एकोणतीस भरली. म्हणजे तो पदकासाठी बसला, तोच दिवस पदकाला कमी पडला.

३. आपले कारकून म्हणाले, “आजोबा, एक दिवस उशिरा गेला असता तर आम्हीच पदक घरपोच केलं असतं.” विधान नियमास धरून आहे. तथापि चार हजार पदकांच्या कडांवर इतरांची नावे ठोकल्यावर, न राहवून, शिल्लक एकावर अर्जदाराने मुलाचे ठोकले. आपल्या आज्ञेनुसार ते स्वहस्ते कानशीने घासून काढले. कीस सदऱ्यावर उडाला. तो सदरा आई धुऊ देत नाही.

४. टाकसाळीत कामगार मयत झाल्यास घरचा माणूस बदली उभा राहतो व आठवड्याची हजेरी पूर्ण धरतात. त्याच न्यायाने अर्जदारास नाक्यावर एक दिवस उभे करावे. तेथे आता शिपाई नाहीत, नुसते सुरुंग पेरलेले आहेत, असे कळले. अर्जदाराची हरकत नाही. दिवस पुरा होण्याआधी काही घडल्यास, उरलेले तास भरण्यासाठी मुलाची आई कुंपणाबाहेर थांबेल.

अर्ज अखेरपर्यंत वाचल्याबद्दल आपले उपकार मानणारा,

आपला नम्र व एका दिवसाचा याचक,
साचे कोरणारा, टाकसाळ
दिनांक : १९

सोबत : १. मृत्यूचा दाखला. २. कड घासलेले पदक. ३. आईचे संमतीपत्र, अंगठ्यासह.