गॅलरीत काही वाळत घालू नकोस

ठमे,

उठलीस की आधी बाबांचा गणवेश वाळवायला घे. दुपारी त्यांना ऑफिसात बोलावलंय आणि दुसरा जोड उसवलाय. नुसता पिळून टांगलास तर संध्याकाळपर्यंत ओलाच राहील. कोरड्या टॉवेलात गुंडाळ, वर उभी राहून चांगला तुडव, मग खिसे उलटे करून पंख्याखाली हँगरला लाव. कॉलर आणि शिवणींवर फडकं टाकून इस्त्री फिरव. आणि ‘थोडं पडते’ म्हणून परत झोपू नकोस!

गॅलरीत मात्र काही घालू नकोस. समोर काकूंची खिडकी आहे.

बाबा पहाटे पाण्याच्या टाकीवरून एकटेच आले, गळ्यापर्यंत भिजलेले. पावसाचा थेंब नव्हता. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. तू काही विचारू नकोस.

त्यांच्या ओल्या कपड्यांत काकांचा शर्ट निघाला. पांढऱ्या बटणांत ते एक लाल बटण, काकूंनी घाईत लावलेलं. किती हसलो होतो आपण त्याला! काका बाबांबरोबरच टाकीवर रात्रपाळीला होते. ते अजून घरी आलेले नाहीत.

मी टाकीवर बघून येते. काकू आल्या तर त्यांना स्वयंपाकघरात बसव, चहा दे, आतल्या खोलीत येऊ देऊ नकोस.

तो शर्टही वाळवून ठेव. द्यायची वेळ आलीच, तर तो ओला त्यांच्या हातात ठेवायची माझी छाती नाही.

आई