चाळिसाव्या मिनिटाला

२४ फेब्रुवारी, रविवार

आजवर माझ्या हाताने झालेलं: रेडिओ एक (चौदाव्या वर्षी, कुणीही न शिकवता, बाबांनी भंगारवाल्याला दिला). बाबांच्या मासळीच्या तळ्यावरच्या पंपाचा स्विच, पाणी उतरलं की आपोआप चालू होणारा. दुकानाची फडताळं. दुकानाची पाटी. कॉम्प्युटर दोन हजार एकशे सहा, वहीत प्रत्येकाची नोंद आहे. आणि आज दोन हजार एकशे सातवा, आईसाठी.

याची पेटी मुद्दाम निराळी केली. तो वरच्या मजल्यावर देव्हाऱ्याला लागून बसणार. तिथे रोज दोनदा उदबत्ती, म्हणजे राख. म्हणून चारही बाजू बंद. हवा खालून कापडाच्या गाळणीतून आत, वरच्या जाळीतून बाहेर. पंखा एकच, मंद. बाबांच्या शेवटच्या महिन्यांत प्राणवायूच्या यंत्राची घरघर आईने पुरेशी ऐकली आहे.

आई शहात्तर वर्षांची. सत्तरीनंतर प्रौढांच्या शाळेत जाऊन लिहायला शिकली. ३१ मार्चला बाबांचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी तिला त्यांच्याबद्दल चार पानं लिहून फोटोपुढे वाचायची आहेत. पेन धरलं की हात थरथरतो, म्हणून कॉम्प्युटर.

चांगला झाला आहे. माझ्या सगळ्यांत चांगला म्हणायला हरकत नाही.

२६ फेब्रुवारी

हँग झाला!

आईने जिन्यातून हाक मारली, "आ-लिआंग, हा बोलेनासा झाला." पडद्यावरचा बाण हलेना, कळा दाबून काही होईना. बंद करून पुन्हा चालू केला. तिचं लिहिलेलं सगळं गेलं.

"जपून ठेवायचं बटण दाखवलं होतं ना तुला?"

"अर्धवट शिवलेलं मी कधी घडी घालून ठेवलं नाही," म्हणाली. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत तिने. "आणि ठेवलं तर तू वाचशील."

दर पाच मिनिटांनी आपोआप जपायची सोय चालू होती, तीही माझ्याकडून समोर उभं राहून बंद करवून घेतली. मी केली. माझा कॉम्प्युटर अडणारच नसेल तर जपायचं कशाला?

२८ फेब्रुवारी

नऊला बसली. नऊ चाळीसला अडला.

२ मार्च

खाली दुकानात आणून चोवीस तास चालवला. गणितं करायला लावली, सिनेमा लावला, दोन्ही एकदम. एकदाही अडला नाही. वर नेला, आई बसली, चाळीस मिनिटांत गप्प!

मेमरी बदलली.

५ मार्च

समोरच्या गाळ्यात लाओ वेई सुटे भाग विकतो. त्याला कळलंच. "दोन हजार एकशे सातवा रुसला म्हणे? वीस युआनचं हिरवं पाकीट ठेव की डोक्यावर. बँकेवाले ठेवतात, इस्पितळवाले ठेवतात, तू कोण मोठा लागून गेलास?"

नारळाच्या कुरकुऱ्यांचं पाकीट. हिरवंच हवं, मुदत टळलेली नको, मग म्हणे यंत्र शहाण्यासारखं वागतं. शिकलेले इंजिनिअर ठेवतात. मी शिकलेलो नाही, म्हणूनच ठेवत नाही. दुकानात पाटीच लावली आहे मी: इथे यंत्रं दुरुस्त होतात, त्यांना खाऊ दिला जात नाही. आईला ती पाटी पाठ आहे. मी लावली तेव्हा ती खूप हसली होती.

८ मार्च

जेवताना मेइ-युन म्हणाली, "अहो, तेवीस दिवस राहिलेत. तयार कॉम्प्युटर आणू या का? तुमचा मागाहून सावकाश बघा." बायको आहे, तिने विचारायलाच हवं.

आईने ऐकलं. "परक्याचा आणलात तर मी बोटाने राखेत लिहीन."

मग माझ्या वाडग्यात माशाच्या पोटाचा तुकडा टाकत म्हणाली, "रोज पहिल्यापासून लिहिते. रोज त्याच गोष्टीपाशी येते, आणि हा थांबतो. तुझ्या बाबांनाच ते सांगितलेलं नको असेल."

"कोणती गोष्ट?"

"काटे बघून खा."

११ मार्च

वीजपुरवठ्याचा डबा बदलला. व्यर्थ.

१४ मार्च

डोकं थंड ठेवून काम केलं पाहिजे, ते आता सुचतंय. दर मिनिटाला आतलं तापमान टिपून ठेवणारा प्रोग्राम घातला. मजकुराला हात लावत नाही तो, आईला शपथेवर सांगितलं.

१५ मार्च

नोंद: दुकानात चोवीस तास, बावन्न अंश. वर, आई नसताना, त्रेपन्न. वर, आई बसली की पहिल्या मिनिटापासून चढण: साठ, बहात्तर, ऐंशी, चाळिसाव्या मिनिटाला अठ्ठ्याण्णव. आणि मी जाऊन बघतो तेव्हा जाळीतून गरम वारा झकास बाहेर येतोय, आड काहीही नाही!

शहात्तर वर्षांची बाई समोर बसल्याने यंत्र तापत नाही. असं कुठल्याच पुस्तकात नाही.

१६ मार्च, शनिवार

मेइ-युनने जिना पुसला होता. ओला होता म्हणून सपाता खाली काढल्या आणि अनवाणी वर गेलो. नऊ वाजून वीस मिनिटं.

आई पाठमोरी. एका बोटाने लिहीत होती. कॉम्प्युटरच्या डोक्यावर तिने भरतकाम केलेला रुमाल, सुरकुती न पडू देता पसरलेला. त्यावर हिरवी पाकिटं. पाच! मुदतीची तारीख समोर येईल अशी, ओळीत. जाळीचा एकही चौकोन उघडा नव्हता.

मी दारातच थांबलो. ती त्याच्याशी बोलत होती. "बाळा, कालच्यासारखं करू नकोस हं. आज अजून वीस मिनिटं दे. तो खाली कष्टी होतो रे, बोलत नाही एवढंच."

आवाज न करता खालपर्यंत उतरलो. सपाता हातात घेतल्या, घातल्या, फटफट वाजवत पुन्हा चढलो. वर पोचलो तर रुमाल तिच्या मांडीवर, पाकिटं शिवणाच्या डब्यात, जाळी मोकळी. तीन आठवडे मी असाच वाजत वर जात होतो.

पहिल्या दिवशी एक ठेवलं असणार. अडला म्हणून दुसरं. जितका अडे तितकी वाढवत गेली. आणि बाजू बंद करून सगळा श्वास वरच्या जाळीवर टाकला तो मी.



१७ मार्च

जुन्या फडताळाची फळी घेऊन एक लहान कट्टा केला, पाच पाकिटं मावतील एवढा. कॉम्प्युटरच्या उजव्या बाजूला, पेटीपासून चार बोटं दूर बसवला. कडा घासून गोल केल्या. माझ्या हाताने झालेल्यांत हाही धरायचा.

आईला म्हटलं, "यावर हिरवी पाकिटं ठेवायची. शेजारी. डोक्यावर ठेवली तर उबेने कुरकुरे मऊ पडतात, मग त्यांचा गुण जातो."

तिने विचारलं, "तुझी ती पाटी?"

"ती दुकानापुरती."

"तुझ्या हातावर माझा विश्वास नाही असं तुला वाटेल, म्हणून लपवत होते."

"माहीत आहे, आई."

तिला खरं कारण सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा एखाद्या यंत्राबद्दल खोटं बोललो. इथे खरं लिहून ठेवतो: दोष पेटीच्या आखणीत होता. आखणी माझी.

१९ मार्च

एक तास दहा मिनिटं. चौपन्न अंश. आईने शेवटी स्वतः जपून ठेवायचं बटण दाबलं.

२० मार्च

तिने अख्ख्या गल्लीत सांगितलं की पाकिटांनी काम केलं. लाओ वेई गाळ्यातून ओरडला, "मास्तर, पाटी उतरवायला शिडी देऊ का?" म्हटलं, दे. उतरवली.

३१ मार्च, रविवार

वर्षश्राद्ध. उदबत्त्या लावल्या, बाबांच्या आवडीची माशाची पेज ठेवली. आईने चार पानं वाचली. तिसरं पान इथे उतरवून घेतो, अक्षराला अक्षर:

"मुलगा चौदाचा असताना त्याने रेडिओ केला. त्या हिवाळ्यात थंडीने तळ्यातले सगळे मासे मेले होते. भंगारवाला रेडिओचे चारशे देत होता. घरात तांदूळ नव्हता. मी म्हटलं, देऊन टाका. हे म्हणाले, माझ्या मुलाने केलेली वस्तू आहे, भंगार आहे का ती? आणि तळ्यावरच्या खोपीत घेऊन गेले. एकवीस वर्षं थंडीची बातमी त्यावरच ऐकली. मला म्हणाले, पोराला सांगू नकोस, अभ्यास सोडेल. त्याने तसाही सोडला. मग म्हणाले, आता तर मुळीच सांगू नकोस, डोक्यावर चढून बसेल. आता हे नाहीत. मी सांगितलं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवावं."

मला त्या खोपीत जायचा कंटाळा होता. चिखल, वास. पंपाचा स्विचसुद्धा बांधावरच बसवून परत आलो होतो.

मेइ-युनने पेजेचा वाडगा माझ्या हातात दिला.

५ एप्रिल

कबरीची साफसफाई करून तळ्यावर गेलो. तळी आता चुलतभावाकडे, खोप तशीच. रेडिओ आढ्याला टांगलेला. आईने शिवलेल्या रेनकोटच्या कापडाच्या खोळीत.

उघडून पाहिला. तारा जोडणारे माझे सगळे डाख अजून चकचकीत. एक मात्र माझा नाही. तार तुटली असणार कधीतरी, आणि कुणीतरी पंपाला डाख द्यायच्या जाड हत्याराने कथलाचा वाटाण्याएवढा गोळा थापला आहे. आजूबाजूची सर्किटची पट्टी जळली आहे. असं काम माझ्या दुकानात कुणी केलं असतं तर हाकलून दिलं असतं.

बाबांना डाख द्यायला कुणी शिकवलं नव्हतं.

१४ एप्रिल

लाओ वेईच्या ओळखीचा जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. रेडिओ पसंत पडला. तेवढा तो ओबडधोबड डाख काढून नीट करून द्या म्हणाला, चोवीस हजार देतो. नाही म्हटलं, तो डाख राहणार. चोवीस हजार.