बसल्या जागी सलाम

४ मार्च

चि. फौजीस ताईचे अनेक आशीर्वाद.

‘मी ठणठणीत’ हे तुझे नेहमीचे पालुपद वाचले. त्याच टपालाने तुझ्या बायकोचेही पत्र आले, म्हणून खरे काय ते कळले. खुब्यात गोळी खाऊन निवृत्त झालेला जवान वैद्यकीय मंडळापुढे ताठ उभा राहतो, ‘एकदम फिट, सर!’ म्हणून गरजतो आणि मग अपंगत्व वीसच टक्के लिहिले म्हणून घरी तोंड पाडून बसतो. धन्य! गोदामाच्या फाटकावर दिवसभर पहारा करून पाय सुजतो, ते काय मंडळाला स्वप्नात दिसणार? टक्के वाढले तर पेन्शन वाढेल आणि ते फाटक सुटेल, एवढे तरी ध्यानात ठेव.

फेरतपासणी मिळालीच आहे, तर या खेपेस वीररस घरी ठेवून जा. खरे सांगणे म्हणजे रडगाणे नव्हे. आणि कोणीही आत आले तरी खुर्चीतून उठायचे नाही. थोरल्या बहिणीचा हुकूम कर्नलच्याही वरचा असतो.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तपासणीनंतर ठरवीन.

तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हुकूम पाळला. अध्यक्ष आत आले, सगळे खाडकन उभे राहिले आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिलो. ताई, गोळी लागली तेव्हाही एवढा घाम फुटला नव्हता गं. त्यांनी विचारले, उठवत नाही का? म्हटले, उठेन सर, पण मग संध्याकाळपर्यंत हा पाय माझा राहणार नाही. एकदा तोंड उघडले आणि सगळेच बाहेर पडले: जिना, फाटक, डावा मोजा बायको चढवते तेसुद्धा. डॉक्टरांनी पाय वाकवला तेव्हा ओरडलोही. चांगला खणखणीत!

शेवटी बसल्या जागीच सलाम ठोकला. अध्यक्षांनीही बसूनच परत केला.

काल निकाल आला. साठ टक्के! आज सकाळी फाटकाची किल्ली मालकाच्या हातात ठेवून आलो.

पाय दुखतो आहे, पण मी मजेत आहे.

तुझा फौजी

२९ मार्च

चि. फौजीस अनेक आशीर्वाद.

साठ टक्के! मी घरी शिकवूनही संस्कृतात तुला एवढे कधी पडले नव्हते. शाळेत सगळ्यांना चहा पाजला. भावाचे अपंगत्व वाढले म्हणून चहा पाजणारी बहीण आम्ही पहिल्यांदाच पाहिली, असे मुख्याध्यापिका म्हणाल्या.

‘पाय दुखतो आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. इतक्या वर्षांत तुझे हे पहिले खरे पत्र.

लोभ वाढवला आहे. फेरतपासणीची गरज नाही.

तुझी ताई