दुपारच्या रेघा

दुसरबीड, मंगळवार संध्याकाळ

आज मी बोललोच नाही. मी!

बचत गटाच्या मसाल्याची पाकिटं सीलपाशी सुटतात, दुकानदार परत पाठवतात. दुपारी सीलच्या मशीनवर रेखा बसते, म्हणून तिलाच कामावरून काढायचं ठरत होतं. गटाच्या बैठकीत तिच्या बाजूनं बोलायला गेलो होतो. भाषण तयार होतं, धारदार.

पण रेखानं कॅलेंडरचं जुनं पान पुढं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तासांचे रकाने, आणि सुटलेल्या प्रत्येक पाकिटाला एक उभी रेघ. पहिल्या आठवड्यात दुपारच्या रकान्यात रेघाच रेघा. दुसऱ्या आठवड्यात तिनं अध्यक्ष शोभाताईंशी पाळी बदलली. तरी रेघा दुपारीच!

"म्हंजे मी बी कामचुकार का वं?" शोभाताई स्वतःच हसल्या.

"नाही हो ताई," रेखा म्हणाली. " दुपारी शेतातली लाईन येते, साऱ्या मोटरी सुरू होतात, व्होल्टेज पडतं. मंग आपलं मशीन तापतच नाही."

आता सील सकाळीच करायचं ठरलं. रेखा राहिली.

इतकी वर्षं सभा गाजवल्या, कपाटभर पुस्तकं वाचली. आवाज न चढवता एवढा न्याय होतो? त्या रेघा डोळ्यांपुढून हलत नाहीत.

निघताना तिला विचारलं, "पहिल्या आठवड्यात सगळं तुझ्यावरच येत होतं. चार रेघा कमी ओढाव्या असं वाटलं नाही?"

"वाटलं नं भाऊ," ती म्हणाली. "पण मंग कारण कसं सापडलं असतं?"