धुराड्याचं मी बघतो

२ ऑक्टोबर
धुराडी तपासणारा येऊन गेला. म्हणे, आतल्या विटा तडकल्यात, वरपर्यंत स्टीलचा लायनर, म्हणजे नळी, घालून घ्या, तोवर शेगडी पेटवू नका. सगळ्यांनाच असं सांगत असणार. सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा आमच्या वसेतीन गावात लायनर कोणाला माहीत होता? बायकोला, ब्लाझेनाला सांगितलं, धुराड्याचं मी बघतो.

५ ऑक्टोबर
लायनरचा अभ्यास सुरू. एकपदरी, दुपदरी, वाकणारा, न वाकणारा. घाईत निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. ब्लाझेना म्हणाली, "स्वभाव ठाऊक आहे. त्या माणसाला फोन कर." अभ्यास म्हणजे काय ते तिला कळत नाही.

११ ऑक्टोबर
कडक गारठा. धुराड्यात बॅटरी मारून स्वतः पाहिलं. तडा आहे, पण किरकोळ. हात पोचला तिथे सिमेंट लिंपलं. पोचला नाही तिथे तडा नसावा. शेगडी पेटवली. ब्लाझेनाने विचारलं, "तपासणाऱ्याने हो म्हटलं?" म्हटलं, हो. (नाही म्हणाला नाही. विचारलंच नव्हतं.)

१४ ऑक्टोबर
वरच्या खोलीत सासूबाई. धुराडं त्यांच्याच भिंतीतून जातं, त्यामुळे खोली छान ऊबदार. तरी तक्रार आहेच! डोकं दुखतं, मळमळतं. म्हटलं, आलुबुखाराची दारू कमी करा. म्हणाल्या, "जावईबापू, लग्नाआधीपासून घेतेय. डोकं आत्ताच बरं दुखायला लागलं?" खिडकी किलकिली ठेवली होती त्यांनी. मी घट्ट लावली. सगळी ऊब वाया.

१७ ऑक्टोबर
दुपारी जेवायला हाक मारली, सासूबाई उतरल्या नाहीत. मी म्हटलं, रुसल्या असतील. ब्लाझेना वर गेली आणि किंचाळली. तिने एकटीने आईला जिन्यावरून ओढत अंगणात आणलं. मी खाली उभा राहून ओरडत होतो, खिडक्या उघडा, खिडक्या उघडा. कोणाला सांगत होतो?

१८ ऑक्टोबर
वाचल्या. डॉक्टरीण म्हणाली, शेगडीचा विषारी वायू, त्याला वास नसतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर... शेगडी पेटवायला कोणी सांगितलं, विचारलं. ब्लाझेनाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर
लायनर बसला. माणसं ब्लाझेनाने बोलावली. मी सूचना द्यायला अंगणात गेलो. ती म्हणाली, "तू आत बस." बसलो.

२६ ऑक्टोबर
सासूबाई घरी आल्या. शेजारची यार्मिला केक घेऊन आली. सासूबाई तिला म्हणाल्या, "जावयाने जिवावर उदार होऊन मला खाली आणलं. नाहीतर कसली वाचते मी!" यार्मिलाने माझा हात हातात घेतला. ब्लाझेना चहा ओतत राहिली.
मला वाटलं, बेशुद्धीत होत्या, त्यांना कळलं नसेल. यार्मिला गेल्यावर हिय्या करून सांगितलं, आई, तो मी नव्हतो, ब्लाझेना होती.
म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. पण तुम्हाला या गल्लीत राहायचंय ना?"
दारात यार्मिलाचा नवरा उभा होता, अभिनंदन करायला. मी थँक्यू म्हणालो.