शेवटच्या पानाखालचा पत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

गेले एकदाची कोर्टात! अर्ध्या दिवसाची रजा टाकून. कचेरीत सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जातेय. दात ठणठणीत आहेत, खोटं बोलायची सवय तेवढी लागलीय.

खिडकी नंबर चार. काचेमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, कुणाविरुद्ध? नवऱ्याविरुद्ध, म्हटलं. हळू बोलले तर म्हणतात, मोठ्याने बोला. मग मोठ्याने सांगितलं. मागे रांगेत नऊ माणसं, सगळ्यांनी ऐकलं. घरून निघताना वाटलं होतं, तिथे मला रडू येईल, कुणीतरी पाणी देईल. कुठलं काय. बाईंनी आठ पानांचा फॉर्म सरकवला. फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. घरी बसून नीट भरा, पण सही करू नका. सही इथे, माझ्यासमोर.

भाड्याच्या खोलीवर आले आणि पहिलं काम काय केलं? सही! टपाल कचेरीत चोवीस वर्षं काढली, कागद दिसला की हात आपला आपण चालतो. आता उद्या पुन्हा जायचं, दुसरा फॉर्म मागायला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा फॉर्म मिळाला. खिडकीवाल्या बाईंनी नुसतं बघितलं. बहुतेक मी पहिली नसेन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्मवर मी 'अर्जदार' आणि तो 'जाबदार'. एकोणीस वर्षं ज्याला अहो-जाहो केलं त्याला जाबदार लिहायचं. वाटलं होतं हात अडेल. नाही अडला.

हात अडला तो पुढच्या पानावर. 'घडलेल्या घटनांचे वर्णन.' कोर्टाच्या जिन्याखाली मदतीच्या टेबलावर एक वकीलबाई बसतात. तरुण आहे पोरगी, पण तोंडाची स्पष्ट. मी घरून लिहून नेलेलं वाचलं आणि सगळ्यावर काट मारली. म्हणाली, 'अतोनात छळ केला' असं लिहू नका. अतोनात म्हणजे किती ते न्यायाधीशांना कसं कळणार? तारीख लिहा, वेळ लिहा, कशाने मारलं, कुठे लागलं, कुणी पाहिलं. शेवटची घटना सगळ्यात आधी.

मग लिहिलं. ११ जानेवारी, दुपारी साडेतीन. टपालाची गाडी उशिरा आली म्हणून मला घरी यायला चाळीस मिनिटं उशीर झाला. जाबदाराने माझा डावा हात कपाटाच्या दारात धरला आणि दार लावलं. दोन बोटं मोडली. दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे.

चार ओळी झाल्या. एवढंच होतं होय ते? वाचून मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं.

पुढचा रकाना, 'साक्षीदार'. तिथे मात्र पेन सुटलं. लिहिलं: सासूबाई त्याच खोलीत होत्या. खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. उठल्या नाहीत. एकोणीस वर्षांत एकदाही उठल्या नाहीत.

वकीलबाई म्हणाली, त्या साक्ष देतील? मी म्हटलं, त्या? सून मेली तरी त्या म्हणतील, मी बाहेर बघत होते. तरी तिने ते काटलं नाही. खरं आहे ना, मग राहू दे म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाचा फोन. म्हणाला, कोर्टाची पायरी चढलीस म्हणजे आता परतीची वाट बंद. वहिनी मागून काहीतरी सांगत होती, त्याच्या तोंडून तेच येत होतं. त्याने विचारलं, राहतेस कुठे? म्हटलं, आहे एका ठिकाणी. सख्ख्या भावाला पत्ता सांगितला नाही मी! पण त्याच्या पोटात काही राहत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

लाँड्रीच्या वरची खोली आहे ही. खालच्या वाफेने फरशी दिवसभर कोमट असते, तेवढीच ऊब. एक पलंग, एक खुर्ची, एक ताट. कुणी आलं तर मी पलंगावर बसेन. येतंय कोण म्हणा.

१० फेब्रुवारी, सोमवार

अर्ज दाखल! खिडकीवाल्या बाईंसमोर सही केली, 'वरील मजकूर खरा आहे' अशी शपथ घेतली. मग बाकावर तीन तास. शेजारी एक जोडपं बसलं होतं, ते दोघं मिळून डबा खात होते. एकमेकांविरुद्धच आले होते की काय, देव जाणे.

न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. सगळी पानं वाचली, खरंच वाचली, मध्ये मागे जाऊन पुन्हा वाचली. माझी बोटं बघितली. विचारलं, सध्या राहता ती जागा त्याला माहीत आहे? नाही, म्हटलं. मग तिथल्या तिथे तात्पुरता आदेश दिला. त्याने माझ्याजवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, कचेरीत यायचं नाही. ३ मार्चला सुनावणी, तेव्हा त्याचंही ऐकून घेणार. तोपर्यंत कोर्टाचा बेलिफ जाऊन अर्जाची आणि आदेशाची प्रत त्याच्या हातात देणार. त्याला कळल्याशिवाय आदेशाला अर्थ नाही, असं वकीलबाई म्हणाली.

माझा पत्ता त्या प्रतीत जात नाही. त्यासाठी वेगळा कागद असतो, तो बंद पाकिटात कोर्टातच राहतो. पाकीट मी स्वतः चिकटवलं. धंद्याची गोष्ट, जरा ऐटीतच चिकटवलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलले नाही. पत्रं लावली. घरी आले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय करून बसले मी हे!

चहा पिताना सहज माझ्याकडची प्रत काढून वाचत होते. शेवटचं पान. खाली माझी सही. सहीच्या खाली माझं नाव. नावाच्या खाली, स्वच्छ अक्षरात, खोली नंबर, लाँड्रीच्या वर, गल्ली, पिनकोडसुद्धा. पिनकोडखाली रेघ मारलीय!

कधी लिहिलं ते आठवतही नाही. आठवायला काय, हाताने लिहिलंय. चोवीस वर्षं लोकांची पाकिटं परत करत आले. ताई, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, घ्या परत, लिहून आणा. काका, पत्र पोचलं नाही तर आम्ही परत कुठे धाडायचं? आता लिहिलाय पाठवणाऱ्याचा पत्ता. ज्याच्यापासून लपायचं त्यालाच कळवलंय, आणि शपथेवर!

खिडकीवाल्या बाईंच्याही नजरेतून सुटलं. त्यांना तरी काय बोलू? कोर्ट आता सोमवारी उघडणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कडी लावली. खुर्ची दाराला लावली. मग बसायला खुर्ची नाही म्हणून जमिनीवर बसले. हसू आलं, आणि मग रडूच यायला लागलं. अर्धा तास गेला असेल त्यात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उशीर झाला. प्रत १३ तारखेलाच पोचली. बाईंनी बेलिफचा अहवाल काढून दाखवला. 'जाबदार घरी नव्हता. त्याच्या आईने कागद स्वीकारले व सही केली.' घरातल्या मोठ्या माणसाने घेतलं तरी चालतं म्हणे.

म्हणजे कागद सासूबाईंच्या हातात. त्यांना वाचता येतं, ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू. नाही वाचलं तरी काय, तो आला की त्याच्या हातात देतील. त्याचा डबा, त्याचा टॉवेल, त्याची पत्रं, सगळं तो दारात असतानाच हातात देतात.

खिडकीवाल्या बाई पहिल्यांदा मान वर करून बोलल्या. माझीही चूक झाली, म्हणाल्या. कोर्टातल्या कागदावरचा पत्ता झाकायला त्यांनी लगेच अर्ज लिहून घेतला, पण गेलेली प्रत काही परत येत नाही. वकीलबाईने सांगितलं, आदेशाची प्रत सतत जवळ ठेवा. एक पोलीस चौकीत द्या, एक कचेरीत. तो जिन्यावर जरी दिसला तरी लगेच फोन करा, दार उघडायचं नाही, बोलायचं नाही. खोली बदलता येईल का, असंही विचारलं. कुठे जाऊ? दादाकडे?

१९ फेब्रुवारी, बुधवार

लाँड्रीवाल्याला सांगावंच लागलं. आदेश दाखवला. त्याने इस्त्री बाजूला ठेवून पूर्ण वाचला, ओठ हलवत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता म्हणेल खोली सोडा.

म्हणाला, "ताई, जिना माझ्या टेबलाशेजारून जातो. आणि माझ्या हातात दिवसभर काय असतं ते तुम्ही बघताच."

मी हसले. किती दिवसांनी कुणाबरोबर हसले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अजून नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की उठून कडी पुन्हा बघते. आज दोनदा वाजलं. एकदा लाँड्रीवाल्याची बायको वाळत घातलेलं काढायला गच्चीवर चालली होती, एकदा कुणीच नव्हतं.

का येत नाही? वाचलं नसेल असं होणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचंही वाचणारा माणूस तो. आदेशाला घाबरला? तो? माझा विश्वास बसत नाही. येईल या भीतीपेक्षा का येत नाही याचीच जास्त भीती वाटायला लागलीय. आणि हे सांगायला कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

३ मार्च, सोमवार

सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तो आला होता. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. लोकांना वाटावं, किती सज्जन माणूस. एकटाच होता, सासूबाई नव्हत्या. मी वकीलबाईच्या पलीकडे बसले, म्हणजे तो दिसणार नाही. वास मात्र आला, त्याच्या दाढीच्या साबणाचा.

तो म्हणाला, हिनेच रागाने कपाट आपटलं, बोटं तिची तिने चेमटवली. आईला विचारा. न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणायचं होतं त्यांना. तर म्हणे, तिची तब्येत बरी नसते, तिला यातलं काही कळत नाही. मग त्याने आवाज चढवला. म्हणाला, मला अर्जाची पूर्ण प्रतच मिळालेली नाही. शेवटचं पान अर्धं आहे. अशाने हे सगळं रद्द व्हायला पाहिजे.

आणि त्याने ते पान वर धरलं.

सहीपर्यंत पान होतं. सहीखाली नाही. कात्रीने सरळ कापलेलं, एका रेषेत. साक्षीदाराच्या रकान्यातलं सगळं जागच्या जागी होतं, 'एकदाही उठल्या नाहीत' पर्यंत. फक्त पत्ता गेला होता.

न्यायाधीशबाईंनी त्यांच्याकडचं पान काढलं, दोन्ही पानं शेजारी धरली. मग म्हणाल्या, "यात तुमच्याविरुद्धचा एकही शब्द कापलेला नाही. जे नाही, ते तुम्हाला मिळायचंच नव्हतं. हे कागद घरी कुणी घेतले?"

तो म्हणाला, "आईने." आणि म्हणता म्हणता थांबला.

मी वाकून त्याच्याकडे बघितलं, घर सोडल्यापासून पहिल्यांदा. त्याचा चेहरा मला पाठ आहे. जबडा कसा आवळतो, कानामागची शीर कशी उडते. तो पानाकडे बघत होता.

दवाखान्याचे कागद बघून न्यायाधीशबाईंनी आदेश कायम केला, दोन वर्षांसाठी. वकीलबाईने माझा हात धरला, चुकून दुखऱ्या बोटांचा, तरी मी सोडवला नाही.

घरी येऊन बसले आहे. त्या बाईने कात्री घेतली. बोट ठेवून ठेवून वाचलं असेल सगळं. स्वतःबद्दलचं मी लिहिलेलं तेही वाचलं असेल. मग कापलं. एकोणीस वर्षं मी तिला दगड म्हणत आले.

५ मार्च, बुधवार

चौकीत नव्या आदेशाची प्रत दिली. कचेरीत मात्र पहिल्यांदाच दिली. साहेब म्हणाले, आधी का नाही सांगितलंत, दातांचं कशाला. सगळे चांगलं बोलले. आनंद व्हायला पाहिजे. होत नाही.

सारखं मनात येतं, तो घरी गेला असेल तेव्हा काय झालं असेल. पण आईवर तो हात टाकणार नाही. माझ्यासमोर कधी आवाजसुद्धा चढवला नाही तिच्यावर. एवढं तरी मी त्याला ओळखते.

फोन करावा का? फोन त्यानेच उचलला तर? नाही केला.

९ मार्च, रविवार

सकाळी दार वाजलं. खालून लाँड्रीवाला ओरडला, ताई, एक म्हातारी बाई आहे, सोडलंय वर.

सासूबाई. पायात चपला नाहीत. ओठ फुटलेला, डावा डोळा सुजून बंद. आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, ओला रुमाल दिला. दंडावर जुने डाग होते, पिवळे पडलेले, या आठवड्यातले नव्हेत. मी विचारलं, कधीपासून? त्यांनी पदर दंडावर ओढून घेतला.

मग म्हणाल्या, "पोटच्या पोराविरुद्ध आईला करता येतो का गं तो अर्ज?"